शून्य बरोबर सोळा

२ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.

कन्येच्या वर्गात एकसामयिक समीकरणं सुरू झाली. बातमी कन्येची, दुजोरा हिचा (वही उघडून). दोन अनोळखी संख्या, दोन समीकरणं, आणि दोन्हींना एकाच वेळी पटेल असं उत्तर शोधायचं. कन्या म्हणाली, काही कळत नाही, क्लास लावा. म्हटलं, घरात मी असताना क्लास? मी बस डेपोत वेळापत्रकं करतो. समोरासमोरून निघालेल्या दोन गाड्या कुठे भेटतील हे मला कागदाशिवाय सांगता येतं. ही हसली. कारण कळलं नाही.

संकल्प: रोज एक तास. आवाज चढवायचा नाही.

३ नोव्हेंबर, मंगळवार.

शिकवलं. दोन बहिणी. वयांची बेरीज वीस, फरक चार. थोरली एक्स, धाकटी वाय. एक्स अधिक वाय बरोबर वीस. एक्स वजा वाय बरोबर चार. पुस्तक म्हणतं, दोन्हींची बेरीज करा. बेरीज बालवाडीत करतात. मी वरच्यातून खालचं वजा करायला लावलं. एक्समधून एक्स गेला. खालच्या वायआधी वजा होतंच, म्हणून तोही गेला. विसातून चार गेले, सोळा. उरलं: शून्य बरोबर सोळा.

थोडं पाणी प्यायलो. मग आठवलं. असं आलं की दोन्ही रेषा समांतर, कुठेच भेटत नाहीत, म्हणजे उकल नाही. कन्या म्हणाली, म्हणजे या बहिणींना वयच नाही? म्हटलं, गणितात भावनांना जागा नसते.

शिलाई मशीनवरून मान वर न करता ही म्हणाली, अहो, बारा आणि आठ. म्हटलं, तो अंदाज झाला, पद्धत नव्हे. ही म्हणाली, बेरीज वीस, फरक चार, अजून काय हवंय तुमच्या पद्धतीला? दुर्लक्ष केलं.

कन्येने विचारलं, ताळा करून बघायचा का? म्हटलं, उत्तरच नाही तर ताळा कशाचा. शिवाय ताळा आत्मविश्वास नसलेल्या लोकांसाठी असतो. तिने तेही वाक्य वहीत लिहून घेतलं. गुणी आहे.

५ नोव्हेंबर, गुरुवार.

चाचणी झाली. पाच गणितं, पाचही ‘उकल नाही’. वीस मिनिटं आधीच पेपर दिला म्हणे. बाकावरच्या दोघी मैत्रिणींनाही तिने काल माझी पद्धत शिकवली. दोन दिवसांत शिष्यपरंपरा. ऊर भरून आला.

९ नोव्हेंबर, सोमवार.

वीसपैकी चार. तेही ज्या एका गणिताला खरोखरच उकल नव्हती त्याचे.

पेपर तपासताना बाईंची घाई झाली असावी.

संध्याकाळी ५. कन्या खाली खेळायला गेल्यावर पुस्तक पाहिलं. वजा करताना खालच्या ओळीतलं प्रत्येक चिन्ह बदलायचं असतं. मी वायचं बदललंच नव्हतं. वाय जात नाही, दुप्पट होतो. बहिणी बारा आणि आठ वर्षांच्या. हिला लगेच कळवण्याचं कारण नाही.

संकल्प: कन्येला उद्या सांगायचं.

१० नोव्हेंबर, मंगळवार.

सांगायचं राहिलं. त्याआधी कन्याच चिठ्ठी घेऊन आली. तिघींची चूक तीच, त्याच ओळीत, आणि खाली ‘रेषा समांतर’ हेही तिघींचं. बाईंच्या मते कॉपी. शुक्रवारी पालकांनी यावं. कॉपी ठरली तर तिघींना शून्य आणि प्रगतिपुस्तकात शेरा.

कन्येला विचारलं, हे कुणी शिकवलं असं बाईंनी विचारलं नाही? म्हणाली, विचारलं ना. मग? म्हणाली, सांगितलं, माझं मीच शोधलं. का गं? म्हणाली, बाबा, तुम्हाला वर्गात सगळ्यांसमोर बोलल्या असत्या.

जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

११ नोव्हेंबर, बुधवार.

बाईंना पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा: ‘काही घरांत काही पालकांकडून नकळत...’ दुसरा: ‘आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी...’ दोन्ही फाडले. हिने तुकडे जुळवून वाचले. विचारलं, ते गृहस्थ शुक्रवारी येणार आहेत का?

१२ नोव्हेंबर, गुरुवार.

अंगात ताप असावा. थर्मामीटरला मान्य नाही. डेपोत उद्यासाठी जादा काम मागितलं. साहेब म्हणाले, तुम्ही? जादा? बरं वाटत नसेल तर घरी जा.

कन्या काहीच बोलत नाही. बोलली असती तर ओरडता आलं असतं.

संकल्प: उद्या पहिलंच वाक्य, ‘बाई, चूक माझी आहे.’ आरशासमोर चारदा म्हटलं. जमतंय.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.

वर्गात तिघी मुली, मैत्रिणींच्या आया, ही, मी आणि बाई. कन्या जमिनीकडे बघत होती. मी पहिलं वाक्य बोललो. ते असं निघालं: बाई, पुस्तकातली पद्धत जरा जुनी नाही वाटत?

बाईंनी खडू पुढे केला. म्हणाल्या, नवी दाखवा.

फळ्यावर दोन बहिणी मांडल्या. चिन्हं बदलायची हे मला सोमवारपासून माहीत होतं. हाताला कुणी कळवलं नव्हतं. शून्य बरोबर सोळा.

एका मैत्रिणीची आई म्हणाली, अगंबाई, आमच्या हिच्या पेपरात अगदी हेच आहे!

बाईंनी तिन्ही पेपर फळ्याशेजारी धरले. मग मी म्हणालो, चूक माझी आहे. बाई म्हणाल्या, हो, दिसतेय. कन्येने मान वर केली. रडत होती की हसत होती, बघायचं धाडस झालं नाही.

कॉपीचा आरोप मागे. सोमवारी तिघींची चाचणी पुन्हा. त्याआधी उद्या सकाळी नऊला जादा तास. बाई म्हणाल्या, घरी पुन्हा शिकवायचा विचार असेल तर तुम्हीही या.

येताना हिने मला वही घेऊन दिली. कन्येने पहिल्या पानावर लिहिलं: ताळा करणे.

तिला म्हटलं, उद्या तुझ्याच बाकावर बसतो.

ती म्हणाली, नको बाबा, तुम्ही लांब बसा. परत सारखीच चूक निघाली तर बाईंना संशय येईल.