ग्विलिमकाकांची ब्लॉडवेन

स्वान्सी,
२ मार्च

ती. मेन्नाकाकूस लाऊरीचा सा. न. वि. वि.

घडलं ते आधी क्रमानं लिहिते.

१. संत डेविडच्या सणाच्या आदल्या दुपारी मी ट्रेगॅरनला पोचले. काका गाण्याच्या तालमीला गेले होते.
२. तू सांगितल्याप्रमाणे मटणाचा रस्सा, काउल, त्याच दिवशी शिजवून ठेवला, म्हणजे सणाला मुरलेला मिळावा.
३. त्यात घालायचे लीक, कांद्याच्या जातीचे ते लांब दांडे, शेडमध्ये आहेत, एवढंच तू म्हणाली होतीस. बादलीत बारके होते. फळीवर एकच होता, मनगटाहून जाड. मी तो घेतला.
४. सणाच्या दिवशी काकांनी तीनदा वाढून घेतलं.
५. जेवण झाल्यावर ते ब्लॉडवेनला सणाच्या शुभेच्छा द्यायला शेडमध्ये गेले.
६. परत आले तेव्हा टोपी हातात होती.

तो लीक उशीवर ठेवलेला होता, हे खरं. शेजारी थर्मामीटरही होता. पण मी पूल तपासायचं काम करते. वस्तू अशी नीट ठेवलेली दिसली की मला संशय येत नाही, बरं वाटतं.

ब्लॉडवेन कुठे आहे, असं काकांनी विचारलं. ब्लॉडवेन कोण, असं मी विचारलं. मग आम्ही दोघांनी पातेल्याकडे पाहिलं. प्रदर्शनात पहिली आलेली, आजोबांच्या वाणाची, या वर्षी जिचं बी धरायचं होतं ती ब्लॉडवेन, हे मला तेव्हा कळलं. मी खरं तेच सांगितलं, की थोडी पातेल्यात आहे आणि बाकीची आपल्यात. हे बोलायला नको होतं.

मी कशासाठी गेले होते ते तुला ठाऊक आहे. बाबा नाहीत. मेमध्ये लग्नाच्या दिवशी काकांनी मला हात देऊन चॅपलमध्ये येस्टिनपर्यंत न्यावं, एवढंच विचारायचं होतं. मनुकांचे केक तव्यावरून उतरले की विचारायचं, असं ठरवलं होतं. केक उतरवलेच नाहीत, करपले. निघताना काका गाडीपर्यंत आले. टायर तपासले, काच पुसली आणि आत गेले.

आता काय करावं ते कळव. तुझ्या बाळंतीण लेकीला, शानला, आणि बाळाला आठवण सांग. माझ्यावर लोभ उरला असेल तर तो राहू दे.

तुझी,
लाऊरी


बँगर,
५ मार्च

चि. लाऊरीस मेन्नाकाकूचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की बाळ जागं झालं आणि शाननं मला खोलीबाहेर काढलं. आता जिन्यात बसून लिहितेय.

आधी उशीचं. ती माझी उशी आहे, भरतकामाची. नाताळापासून शोधतेय मी ती. पाहुणे घेऊन गेले असतील, असं तुझे काका मला तोंड वर करून सांगत होते. आणि नाव बघ, ब्लॉडवेन! मला इतक्या वर्षांत ‘अगं’च्या पुढे काही लाभलं नाही.

रोज फोन येतो त्यांचा. आधी तिच्या नावानं उसासे, मग बाळाची चौकशी, आणि फोन ठेवता ठेवता हळूच विचारतात की फ्रीजमध्ये काउल किती दिवस टिकतो. रोज वाटीभर खातायत. टाकून दिला तर तिचा अपमान होईल म्हणे. असा काउल जन्मात खाल्ला नाही, हे त्यांना कबूल करायचं नाहीये गं. दुखणं तिथे आहे.

लग्नाचं मी त्यांना काहीही सांगणार नाही. तुझं तू विचार. पुलाला हजार प्रश्न विचारतेस, माणसाला एक विचारायचा तर केक करपेपर्यंत थांबतेस. आणि यापुढे शेडमधलं काही घेताना त्याच्याखाली उशी आहे का बघत जा.

बाळाचा पापा. माया आहेच, ती काही काउलात पडलेली नाही.

तुझी,
मेन्नाकाकू


ट्रेगॅरन,
९ मार्च

श्रीमती लाऊरी यांस ग्विलिमकाकाचा सप्रेम नमस्कार. पैकी प्रेम तूर्त वजा.

काल मी काळी फीत लावून चॅपलला गेलो. कोण गेलं म्हणून पाद्रीबाईंनी फार कळवळून विचारलं. सांगितल्यावर त्यांना खोकला आला आणि तो बाहेर जाऊन बराच वेळ चालला.

दुपारी एमलिन सांत्वनाला आला. प्रदर्शनात दर वर्षी माझ्यामागे दुसरा येणारा एमलिन. जाताना स्वतःच्या लीकची रोपं दारात ठेवून गेला. दुःखातल्या माणसाच्या दारात अशी वागणूक? रोपं मेंढ्यांना घातली. मेंढ्यांनीही मन लावून खाल्ली नाहीत.

आता मुद्दा. मुळाकडचा बुडखा तू खताच्या बादलीत टाकला होतास. काप अगदी सरळ होता, एवढं मात्र कॉलेजात नीट शिकवलंय तुला. तो मी उचलून कुंडीत लावला. आज त्याच्या मधोमध हिरवं टोक दिसतंय. म्हणून हे पत्र आत्ता लिहितोय, नाहीतर ईस्टर उलटल्यावर आलं असतं.

आणखी एक. सणाच्या दिवशी तू एकच डाव पुन्हा पुन्हा धूत होतीस. तुझा बापही काही मागायचं असलं की असाच भांड्यांच्या मागे लागायचा, आणि न मागताच घरी जायचा. तुझ्या काकूला विचारलं तर म्हणते, मला काही माहीत नाही. म्हणजे तिला माहीत आहे. मग मलाच तेवढं का माहीत नसावं? काय ते लिही. शेड सोडून काहीही माग.

रागात थोडी जागा तुझ्यासाठी रिकामी ठेवणारा,
ग्विलिमकाका


स्वान्सी,
१२ मार्च

ती. ग्विलिमकाकांस लाऊरीचा सा. न. वि. वि.

टोक आल्याचं वाचून बरं वाटलं. त्या दिवशी मी फक्त माहिती दिली, माफी मागितली नव्हती. ती आता मागते.

मेच्या अखेरच्या शनिवारी माझं लग्न आहे. दारापासून पुढच्या मोठ्या बाकापर्यंत बाबा मला घेऊन गेले असते. त्यांच्या जागी तुम्ही याल का?

चॅपलची मधली वाट अरुंद आहे. काउल मंद आचेवर होता तेव्हा मी टेप घेऊन जाऊन आले. तुमचा जाड कोट धरूनही आपण दोघं शेजारी शेजारी मावतो. दुसऱ्या कोणाचं माप मी घेतलेलं नाही.

पाद्रीबाईंना नावं कळवायची आहेत. शुक्रवारपर्यंत, म्हणजे २० तारखेपर्यंत उत्तर पाठवा. नाही म्हणायचं असेल, तरी पाठवा.

तुमची,
लाऊरी