इंजिन थंड असताना

बुधवार, ४ फेब्रुवारी

गाडी घ्यायची ठरली. नवी नाही – कोणाची तरी वापरून झालेली, डिझेलची. नात घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढते आणि नळ्या लॅबमध्ये पोचवते. पायाशी ती बर्फाची पेटी ठेवून स्कूटर चालवते, त्यात तिची कंबर माझ्यापेक्षा म्हातारी झाली. मुलगा म्हणाला, "बघू." तो दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करतो, शब्दही तोलून देतो. त्याचं "बघू" म्हणजे हो.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

तिघं गॅरेजात गेलो. गॅरेजवाल्याला सगळे पाना म्हणतात – लांब, पुढे वाकलेला, आणि हातातही नेहमी तेच. त्याच्याकडे एकच गाडी दोनदा उभी. रंग एक, दारं एक, आतली इंजिनं वेगळी. त्याने सांगितलं ते मला बरं समजलं. जुन्या इंजिनाला आवाज जास्त, धूरही सोडतं, पण साधं. जवळच्या फेऱ्या मारा, कुरकुर नाही. नवं शांत आणि ताकदीचं. पण त्यात काजळी अडवणारी एक जाळी आहे. ती काजळी जळायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळवावी लागते. नुसतीच गल्लीबोळात फिरवली तर जाळी तुंबते आणि गाडी रुसते.

"मग प्रश्नच नाही," मुलगा म्हणाला. "हिच्या फेऱ्या सगळ्या गावातल्या. जुनं घेऊ."

तो टायर बघायला मागे गेला तेव्हा नातीने पान्याला हळूच विचारलं, "आणि दर आठवड्याला चार तास जायचं, चार तास यायचं असेल तर?"

"मग नवंच. डोळे मिटून घे."

मी बाकावर बसले होते. म्हातारं माणूस बसलं की लोकांना ते बहिरं वाटतं.

उठताना आधाराला जुन्या गाडीवर हात टेकला. बॉनेट गरम. म्हणजे आम्ही यायच्या आधीच पान्याने ती सुरू करून ठेवली होती. माझ्या नवऱ्याने जन्मभर बस चालवली. तो म्हणायचा – डिझेलचं इंजिन आणि माणूस, सकाळी उठताना बघावं. दुपारी सगळेच गुणी.

हात काढून घेतला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

चार तासांवर काय आहे हे कळायला पंचांग लागत नाही. तिची मैत्रीण तिथल्या मोठ्या इस्पितळात आहे. कधीपासून फोनवर चाललंय – राहायची सोय, मशीनवरचं काम. इथे नळ्या वाहते, तिथे तपासायला मिळतील. शिकली त्याच्यासाठीच.

जाईल तर जाईल. पण माझ्या पायाची नखं कोण कापणार? मुलगा? तो कानस घेऊन बसेल. सून गेली तेव्हा ही एवढीशी होती. तेव्हापासून या घरात बोलणारी माणसं दोनच, ती आणि मी. ती गेली की मी भिंतीशी बोलायचं, आणि मुलगा भिंतीची बाजू घेणार.

जेवताना मी म्हणाले, "जुनंच बरं. आवाजाची गाडी चांगली, माणूस घरी आलं ते कळतं."

नातीने ताटातलं संपवलं आणि उठली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

गुडघे. बाकी काही नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. जुनीत मुलगा पुढे बसला, मी मागे. काचा अशा वाजत होत्या की कवळी धरून बसावं लागलं. नवीत मी पुढे बसले. मुलगा आलाच नाही, जुन्या गाडीपाशीच घुटमळत राहिला.

पान्याने सांगितलं होतं, पुलाखालून वळा आणि परत या. पूल आला, पूल गेला.

"वळायचं होतं की गं."

"अगं हो आजी, विसरले."

विसरली कसली! स्कूटरवर ती खांदे कानांना लावून बसते. आज खांदे खाली होते. हातसुद्धा सैल. "पुढच्या पुलाला वळ," मी म्हणाले. तोही गेला. मग मी म्हणायचं सोडून दिलं आणि बाहेर बघत बसले. कितीतरी दिवसांनी बसल्या बसल्या एवढं काही मागे जाताना पाहिलं.

परत आलो तर मुलगा गॅरेजच्या दारातच. "इतका वेळ?"

"मीच म्हटलं, जरा लांब ने."

सोमवार, ९ फेब्रुवारी

मुलाला सांगितलं, त्या दिवशी जुनीचं बॉनेट गरम होतं. उद्या सकाळी न कळवता जाऊ.

"आज सांगतेस?"

"आज आठवलं," म्हटलं. माझ्या वयाला हे शोभतं. कोणी उलट विचारत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

पाना शटर उघडत होता तेव्हाच पोचलो. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "या मावशी, चहा सांगतो, तोवर मी जरा गाडी–"

"चहा नंतर. आधी चावी दे हिच्याकडे."

जुनी आधी कण्हली. मग खोकली. तिसऱ्यांदा सुरू झाली आणि एवढा पांढरा धूर ओकली की समोरचा फळवाला टोपली उचलून आत गेला.

"थंडी आहे ना," पाना म्हणाला.

"मग शेजारची काय शाल पांघरून झोपली होती?"

नवी एका चावीत सुरू झाली. आता बोलायला काय उरलं होतं? तर मुलगा म्हणतो, "जुनीच घेऊ. दुरुस्त होईल." ग्रॅमभर चुकला तरी काटा परत पाठवणारा हा माणूस!

"चालवणार कोण?" मी विचारलं. "तिला विचार."

त्याने विचारलं नाही. मग मीच विचारलं.

"नवी," ती म्हणाली.

"फेऱ्या तर गावातल्याच ना?" त्याने तिच्याकडे सरळ बघून विचारलं. पोरीचा चेहरा उतरला. आता ती "हो" म्हणेल आणि धूर ओकणारं धूड घरी येईल, असं दिसलं.

"आठवड्यातून एकदा मला लांब फिरवून आणेल," मी म्हणाले. "जाळी साफ होईल, माझे गुडघेही सुटतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

नवी दारात उभी आहे. नातीने भांडी पुसताना मला सांगितलं – नोकरी लागली, सोमवारी हजर व्हायचंय, दर शनिवारी घरी येईल.

"माहीत आहे," म्हटलं. "बापाला सांग."

"तू सांग ना."

"इंजिनाचं मी बोलले. माणसाचं तुझं तू बोल."

जेवताना बोलली. तो म्हणाला, "टायरमध्ये हवा भरून घे." आणि भात वाढून घेतला.

रविवार, १५ फेब्रुवारी

सकाळी गेली. मुलगा ती वळेपर्यंत रस्त्यात उभा होता. आत येऊन म्हणाला, "ती पान्याला चार तासांचं विचारत होती, ते मी ऐकलं होतं. टायरपाशी."

"आणि तरी जुनं जुनं करत होतास?"

"वाटेत बंद पडली असती. आली असती परत."

"त्यापेक्षा तोंडाने म्हणायचं, जाऊ नकोस."

"तू म्हणालीस?"