टीव्हीला दिलेलं उत्तर

बुधवार, संध्याकाळ

“आठवड्यातून एकदा,” मी बोलून गेले. टीव्हीला. घरमालक अप्पांच्या हॉलमध्ये, त्यांच्या घरचं चुरमुऱ्यांचं गिरमिट खाता खाता. वॉर्डातल्या दोन उमेदवारांचा वाद चालला होता. त्यातला एक अप्पांचा पुतण्या. दुसऱ्याने त्याला विचारलं, तुमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येतं? तो अडखळला, आणि अप्पांनी नेमका तेव्हाच आवाज बंद केला. केला नसता तर माझं कोणाला ऐकू गेलं असतं?

यांनी मला पायाने ढोसलं.

“टीचर, प्रश्न तुम्हाला होता काय?” अप्पा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. तेच खुपतंय. आमच्या नळाचा व्हॉल्व त्यांच्या कुलपात असतो, म्हणून हसले का? आवाज चालू असता तर... पण मी खोटं कुठे बोलले?

गुरुवार, सकाळ

पाणी आलं. अप्पांनी आज आधी आमचा व्हॉल्व उघडला. “आलं की नाही, टीचर? संध्याकाळी पुतण्याच्या सभेत माइकवर एवढंच सांगा, आमच्याकडे पाणी वेळेवर येतं.”

मी नळाखाली घागर लावली आणि हो म्हटलं.