अंगणातले चिंचोके

औरंगाबाद,
४ एप्रिल १९८७

ती. बायनाआत्यास,
विशाखाचा सप्रेम जयभीम.

मी सुखरूप पोचले. दुष्काळात माणूस कुणाच्या दाराशी जातो, ते मला संशोधनात मांडायचंय, म्हणून तुला अंगणात चिंचोके मांडायला लावले. मधे तू, जवळची माणसं जवळ, लांबची लांब. अडल्यावर पहिली कुणाकडं जाशील, असं विचारलं आणि तू वरच्या आळीच्या जाईबाईंचा चिंचोका अगदी स्वतःला चिकटून ठेवलास. मग तूच दचकलीस. टँकरच्या पाण्यावरून भांडल्यापासून तुम्ही बोलतही नाही.

जाईबाईंकडंही मी हेच केलं. त्यांनी तुला कुठं ठेवलं, ते मात्र विचारू नकोस. एकीचं दुसरीला सांगणार नाही, असा शब्द मी प्रत्येकीला दिलाय.

तू काढायला निघालेल्या दूध संस्थेला वरच्या आळीच्या बाया लागतात आणि त्या जाईबाईंशिवाय येत नाहीत, हे तूच म्हणालीस. सगळ्यांच्या म्हशी बाजारात जायच्या आत तू एकदा त्यांच्याकडं जा. तब्येत सांभाळ, आणि रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
विशाखा


बोरवाडी, ता. केज,
२० जून १९८७

चि. विशाखास,
बायनाआत्याचा जयभीम अन् आशीर्वाद.

लई उशिरा लिहिते, कामच तसं होतं. तू आत्यालाबी सांगंनास, मग मीच गेले. जाईबाई म्हशीला कडबा टाकत होती. म्हणली, कशापायी आलीस? मी म्हणलं, अडलं की तुझ्याकडंच यावं वाटतं, चिंचोके मांडताना कळलं.

तिनं उरलेला कडबा म्हशीपुढं टाकला, हात झटकले. मग म्हणली, तुझा चिंचोका मी मुठीतच धरून बसलते, कुठं ठेवावा कळंना, तुझी भाची परत गेल्यावर भाजून खाल्ला. मला हसू आलं, तशी तीबी हसली. हसता हसता दोघींनी डोळ्याला पदर लावला.

दुसऱ्या दिशी ती वरच्या आळीच्या बाया घेऊन आली. म्हशी दावणीलाच हायत. दूध थोडं हाय, पण आमी सगळ्यांचं एकत्र करतो.

परवा पहिल्यांदा जीपनं केजला दूध नेलं. झाकण घट्ट होतं, तरी जाईबाई वाटंभर कॅनला कवळा घालून बसली. ड्रायव्हरनं विचारलं, मावशी, लेकरू केवढं झालं? ती म्हणली, आजचंच हाय.

आता नोंदणीच्या अर्जात संस्थेचं नाव लिहायचंय. ते ठेवायला तू ये. घरच्यांना जयभीम सांग, अन् आमच्यावर जीव असू दे.

तुझी,
बायनाआत्या