रेआलच्या नावचं फूल

पेम्ब्रोक, ऑन्टॅरिओ
१९ मे

प्रिय रेआल,

तू ठीक असशील असं धरून चालतो. मीही ठीक आहे. म्हणजे गुडघा, डावा कान आणि स्वभाव सोडून. तुझा फोन बंद झाल्यापासून तुला गाठायचा हा एकच रस्ता उरलाय, म्हणून पन्नाशी उलटल्यावर पेन हातात धरलंय. अक्षराला हसू नकोस.

कारण असं की मला मोटारींच्या शर्यतीत घेतलंय. आता हस. मी थांबतो.

झालं? तर हे सगळं हेदरचं काम. लेकीने एक दिवस फोन करून विचारलं, "बाबा, तुम्ही दिवसभर बोलता कोणाशी?"

"हवामान सांगणाऱ्या बाईशी."

"ती टीव्हीत असते, बाबा."

"म्हणूनच तर पटतं आमचं."

कार्टीने पुढच्याच आठवड्यात माझं नाव एका संस्थेत देऊन टाकलं. सैन्यातून घरी आलेल्या पण घरात न मावणाऱ्या लोकांना ही संस्था शर्यतीच्या टीमबरोबर एक मोसम कामाला लावते. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला पुन्हा कशाचा तरी भाग असल्यासारखं वाटेल." आवाज तोच, लोक आपल्यासाठी आणि आजारी कुत्र्यांसाठी राखून ठेवतात तो. मी म्हटलं, बाई, शेवटचा ज्याचा भाग होतो त्याने माझा कान खाल्ला. त्यावर त्या इतक्या समजूतदारपणे हसल्या की मला हो म्हणावंच लागलं.

टीम म्हणजे डॉक्टर व्हॉस, दंतवैद्य. गाडी त्याची, चालवतोही तोच. आठवडाभर लोकांना "आ करा" म्हणतो आणि शनिवार-रविवार स्वतः आ करून वळणं घेतो. पण खरी मालकीण बर्निस कोवालचुक. सस्कॅचेवानची आहे, गाडीचं सगळं तीच बघते. आपल्या कॅप्टनपेक्षा बुटकी, आपल्या कर्नलपेक्षा मोठ्या आवाजाची. तिने माझ्या हातात आग विझवायचं लाल नळकांडं दिलं आणि म्हणाली, "गाडी आत आली की पेट्रोल भरतात. तेवढा वेळ नळीकडे बघत उभं राहायचं. काही झालं नाही तर तुझं काम चोख झालं." मला वाटलं, हे तर मला झोपेतही जमेल.

गाडी आली. थांबली. आणि मी काय केलं असेल, हे पृथ्वीवर फक्त तुला ओळखता येईल. गाडी थांबली की आधी पाच मीटर जमीन बघायची! चाकांजवळची, मग जरा लांबची. माती उकरलेली दिसते का, वायरचं टोक कुठे वर आलंय का. काँक्रीटवर, रेआल. धुऊन पुसून लख्ख केलेल्या काँक्रीटवर मी वाकून सुरुंग शोधत होतो, आणि माझ्या पाठीमागे शंभर लिटर पेट्रोल गाडीत उतरत होतं.

"सार्जंट!" बर्निस किंचाळली. "आग जमिनीतून येणार नाहीये!"

"तुला काय माहीत," मी म्हणालो.

नंतर तिने माझ्यापुढे कॉफी आणि डुकराच्या मांसाचा पाव ठेवला. "परत येऊन किती वर्षं झाली?"

"बरीच."

"आणि अजूनही?"

"फक्त गाडी थांबली की."

"मग थांबलेल्या गाडीपाशी तुझं काय काम? तुला बघायची खोड आहे ना? वर जाऊन बघ." म्हणजे पुढच्या शर्यतीपासून मी ट्रॅककडेच्या इमारतीच्या छतावर. तिथून सगळा ट्रॅक दिसतो. डॉक्टरच्या कानात बोलायचं, कोण कुठून येतंय ते सांगायचं.

संध्याकाळी सगळे आपापल्या कॅम्परपुढे बायकापोरांत बसून मांस भाजतात. संस्थेने मला दोन घडीच्या खुर्च्या दिल्यात. दुसरी का देतात कोण जाणे. मी तिच्यावर टोपी ठेवतो.

उत्तराची घाई नाही.

तुझा,
लॉर्न

◆

पेम्ब्रोक
४ ऑगस्ट

प्रिय रेआल,

उत्तर आलं नाही, त्याचं मला काही वाटत नाही. पत्र परतही आलं नाही. म्हणजे कोणीतरी घेतंय. तुमच्या पोस्टातल्या बाई फोडून वाचत असतील तर त्यांना माझा नमस्कार. बाई, हा माणूस तुमच्याकडचे ते राखाडी बटाट्याचे गोळे पोटभर खातो की नाही, तेवढं बघत जा.

छतावरचं काम जमलं. जमणारच होतं. आपण दुसरं काय करत होतो? आपल्या चिलखती गाडीत तू खाली, नाकापुढे वीतभर काच, बाकी सगळं पोलाद. मी वरच्या झाकणातून अर्धा बाहेर. अफगाणिस्तानात, पंजवाईतल्या त्या सबंध उन्हाळ्यात गाडी चालू असताना मी तुझं तोंड एकदाही पाहिलं नाही. फक्त कानात तुझा श्वास, आणि मधूनमधून तुमच्या किनाऱ्यावरच्या फ्रेंचमधली कुठल्या तरी अकेडियन आजीची शिवी.

डॉक्टर मात्र तुझ्यासारखा नाही. वाद घालतो.

"डॉक्टर, डावीकडे गाडी आहे."

"नाहीये. आरशात दिसत नाही मला."

"मला आरशाशिवाय दिसतेय."

"खात्री आहे?"

"आता तुमच्या दारावर टकटक करेल, तिलाच विचारा."

गेल्या रविवारी दुपारी पाऊस आला. साधा नाही, ट्रॅकवर पाण्याचा पडदाच पडला. पुढच्या गाडीच्या चाकांतून उडालेलं पाणी मागच्याच्या काचेवर, आणि काच पांढरीफटक. आपल्याकडे धूळ होती, इथे पाणी. आतल्या माणसाला सारखंच आंधळं करतात दोन्ही. डॉक्टरचा श्वास माझ्या कानात वाढायला लागला. तुला ठाऊक आहे तसा श्वास.

"मला काही दिसत नाही," तो म्हणाला. "काहीच दिसत नाही. मी थांबतो इथेच."

उताराच्या वळणावर, आणि मागून आठ गाड्या. तिथे थांबला असता तर मागच्यांनी त्याला चेपून टाकलं असतं.

"थांबायचं नाही, रेआल," मी म्हणालो. "तुला दिसायची गरज नाही. मला दिसतंय. थोडं उजवीकडे. बस. आता सरळ. श्वास सोड, गड्या. अजून सरळ. आता डावं. छान. मी आहे."

अख्खी फेरी मी त्याला तुझ्या नावाने हाकत होतो. आणि त्या शहाण्याने वाद घातला नाही. एक शब्द नाही. वळ म्हटलं की वळला. हे सगळं टीममधल्या प्रत्येकाच्या कानात चालू होतं, हे माझ्या लक्षात आलं ते गाडी आत आल्यावर.

मी खाली उतरलो तर सगळे कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडे बघत होते. बर्निस ओरडली नाही, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलंय. डॉक्टर हेल्मेट काखेत धरून आला; केस घामाने चिकटलेले. "रेआल कोण?" त्याने विचारलं.

"माझा ड्रायव्हर," मी म्हणालो. पुढेही बोलणार होतो. हट्टी आहे, समुद्राकाठी राहतो, फोन ठेवत नाही, असलं काहीतरी. पण नुसती टोपी काढून हातात फिरवत राहिलो. डॉक्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग मी टायर मोजायला गेलो. टायर मोजायची काही गरज नव्हती.

एवढंच. तुझं नाव चुकून वापरलं, ते तुला सांगून ठेवावं म्हटलं.

जमलं तर दोन ओळी टाक. नाही जमलं तर नको.

तुझा,
लॉर्न

◆

पेम्ब्रोक
२० ऑक्टोबर

रेआल,

या पत्रात गमती कमी आहेत. पोस्टातल्या बाईंनी इथे थांबलं तरी चालेल.

परवा मोसमाची शेवटची शर्यत झाली. शनिवारी सकाळी मी कॉफी घेऊन पोचलो तर सगळी टीम गाडीच्या एका बाजूला रांगेत उभी. बर्निसने केस विंचरले होते. मला वाटलं कोणीतरी गेलं. आणि गेलंच होतं, लेका. तू गेला होतास.

गाडीच्या दारावर, डॉक्टरच्या नावाखाली, लाल पॉपी. नोव्हेंबरात आपण युद्धात मेलेल्या आपल्या लोकांसाठी छातीवर लावतो ते फूल. आणि तिच्याखाली सुरेख पांढऱ्या अक्षरांत: रेआल.

"आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं," डॉक्टर म्हणाला. त्याचे डोळे भरलेले. "आज तो आपल्याबरोबर धावेल."

इतरांकडून हा माणूस गाडीवर नाव लावायचे पैसे घेतो. तुला मेल्याबद्दल सवलत मिळाली.

मला एकच वाक्य बोलायचं होतं: "अहो, तो जिवंत आहे." तोंड उघडलं. उघडंच राहिलं. कारण तेव्हा मला कळलं, हे वाक्य माझ्याकडे नाहीच. मी ते कशाच्या जोरावर बोलू? तुझं शेवटचं नाताळचं कार्ड येऊन दोन हिवाळे झाले. त्यात लिहिलं होतंस, "सगळं ठीक." आपल्या तुकडीतल्या कॉर्मिएनेही मरायच्या आदल्या आठवड्यात फोनवर हेच म्हटलं होतं, आणि मग त्याच्या शवपेटीचं एक टोक तू धरलंस आणि एक मी.

पत्रं परत येत नाहीत यावर मी उन्हाळा काढला. पण पत्रं डब्यातही साचतात, रेआल. साचलेली पत्रं परत येत नाहीत.

म्हणून मी म्हणालो, "आभारी आहे." सगळ्यांनी टोप्या काढल्या. मीही काढली. काय करणार होतो?

मग दिवसभर तू माझ्या डोळ्यांखालून गोल गोल फिरलास. डॉक्टरने इतकी चांगली गाडी कधीच चालवली नव्हती. मी सांगेन तसा वळला, सांगेन तेव्हा ब्रेक दाबला, अकरावा आला आणि जिंकल्यासारखा ओरडला. मी वरून सगळं नीट सांगितलं, एकही नाव चुकलो नाही. आयुष्यात इतका एकटा मी फक्त एकदाच होतो, आणि तेव्हासुद्धा तू दोन फुटांवर खाली होतास.

आवराआवर चालू असताना बर्निस माझ्या खुर्चीपाशी आली. "सार्जंट, सकाळी आभार मानताना तुझं तोंड लिंबू चावल्यासारखं का झालं होतं?"

"तो मेलेला नाही," मी म्हणालो.

तिने हातातला टायर खाली ठेवला.

"म्हणजे मला माहीत नाही," मी म्हणालो.

मग ती बसली. दुसऱ्या खुर्चीवर, माझ्या टोपीवरच. मोसमभरात त्या खुर्चीवर बसलेलं पहिलं माणूस. "राहतो कुठे?"

"न्यू ब्रन्सविकला. ट्रॅकाडीच्या पलीकडे."

"रस्ता आहे ना तिथवर?"

"आहे."

"मग गेला का नाहीस?"

"पत्रं लिहितो की."

"पत्रं!" आता तिचा आवाज परत आला, शेजारच्या टीममधल्या माणसाच्या हातातून पाना पडला. "अरे बाबा, दार वाजवायला काय झालं होतं तुला? अख्ख्या टीमला रडवलंस! मी केस विंचरले!"

तिला उत्तर दिलं नाही. तुला देतो. थांबलो की आधी जमीन बघायची, ही माझी खोड. मे महिन्यापासून मी तेच करतोय. हसतखेळत, अंतर राखून, उकरलेली माती दिसते का बघत. दारापर्यंत जात नाहीये. कारण दार वाजवलं आणि आतून कोणी बोललं नाही, तर मग तेही माहीत होईल. आत्ता निदान ते माहीत नाही.

बर्निसने डॉक्टरला जाऊन सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. तो आधी लाल झाला, मग इतका हसला की त्याला गाडीला टेकावं लागलं. मग एकदम गंभीर झाला आणि म्हणाला, "दार काढा." त्या गाडीचं दार हलकं असतं, एका माणसाला उचलतं. ते आता माझ्या पिकअपमध्ये मागे आहे, घोंगडीत गुंडाळलेलं. बर्निसने बरोबर रंग खरवडायचं पातं दिलंय आणि बजावलंय, "फूल त्यानेच खरवडायचं. तू हात लावायचा नाहीस. आणि दार परत आण, मे महिन्यात लागेल." पुढच्या मोसमात दुसरी गाडीही आहे, तिच्यासाठी छतावर अजून एक माणूस हवाय, असं ती जाता जाता म्हणाली, माझ्याकडे न बघता.

दुसरी खुर्चीही गाडीत टाकलीय.

हे पत्र पोचायला चार-पाच दिवस लागतील. मी त्याच्या मागोमाग निघतो. दाढी करू नकोस, घर आवरू नकोस. दारात उभा राहून अकेडियनमध्ये शिव्या दिल्यास तरी चालेल. उलट त्याच दे. दार उघडायचं नसेल तर आतून दे. मला आवाज पुरतो, तुला ठाऊक आहे. सबंध उन्हाळा आपण तेवढ्यावरच जगलो.

आणि पोस्टातल्या बाई, वाचत असाल तर एक विनंती. हे पत्र घ्यायला तिथे कोणी नसेल, तर परत पाठवू नका. मी येतोच आहे.

या वेळी मला वरून काही दिसत नाहीये, रेआल. तू सांग.

कान लावून बसलेला,
लॉर्न