लाइनवर पोमरॉय, ओहायो

शनिवार, २५ मे

आज दिवसभर इतिहास, दर शनिवारसारखा. सोमवारी शहिदांचा स्मृतिदिन, म्हणून या वेळी वाहिनीने तिन्ही दिवस अमेरिकेच्या इतिहासाला दिलेत. सकाळी गेटिसबर्गच्या लढाईच्या टेकड्या, मग रेल्वेवर व्याख्यान, दुपारी अभ्यासक आणि प्रेक्षकांचे फोन.

मी ऐकते आणि टाइप करते. बोललेलं चार सेकंदांनी पडद्याच्या तळाशी उमटतं. माझं नाव कुठेच नसतं. या कामातलं मला आवडतं ते हेच. स्वतःचा एकही शब्द घालायचा नाही हा नियम, आणि तो पाळणं मला कधी जड गेलं नाही.

दुपारी मात्र हात अडखळले. सूत्रसंचालक ऑल्ड्रिच म्हणाले, ‘‘लाइनवर व्हर्जिल, पोमरॉय, ओहायो. बोला.’’ पलीकडे शांतता. ‘‘व्हर्जिल, आहात का?’’ शांतता. मग एक खाकरणं — आणि मला कळलं. ‘‘आहे, आहे, मी—’’ तोवर लाइन कापली होती. ऑल्ड्रिच नेहमीसारखे हसून म्हणाले की फोन करताना टीव्हीचा आवाज बंद ठेवा, नाहीतर असा घोळ होतो. तेही मी टाइप केलं.

बाबा! आणि इतिहास! आमच्या घरी इतिहास लागला की ते बेसबॉल लावायचे.

रविवार, २६ मे

आजही दिवसभर काम. पोमरॉयहून कोणी नाही. मी वाट पाहत नव्हते.

संध्याकाळी डब्यातलं सूप. हजारो वाक्यं हातांतून गेली, तोंडातून एकही नाही.

रविवार, १६ जून

फादर्स डे. कार्ड आधीच पाठवलं होतं. तरी फोन केला.

‘‘गुडघा कसा आहे?’’

‘‘कार्ड पोचलं.’’

विचारलं, जुलैत येऊ का? ‘‘हो, हो. इकडे पाऊस नाही. बरं, ठेवतो.’’ ठेवला.

आई गेल्यापासून हे असंच. आई होती तेव्हा फोनवर तीच बोलायची, बाबा मागे उभे असायचे. आता मी एक विचारते, ते दुसरंच सांगतात आणि सुटका करून घेतात. माणसाला आपल्याशी बोलायचं नसेल तर समजून घ्यावं. मी समजून घेतलंय.

केक आणला होता. का आणला होता?

मंगळवार, १८ जून

चुका तपासायला मेमधल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग काढलं. ते माझ्या कामाचा भाग आहे. पोमरॉयचा भाग वगळणार होते. नाही वगळला.

तीनदा पाहिला. ऑल्ड्रिच विचारतात, ‘‘आहात का?’’ बाबा गप्प. मग पडद्यावर माझी अक्षरं येतात — ‘आहात का?’ — आणि लगेच, एक श्वासही न घेता, बाबा म्हणतात, ‘‘आहे, आहे.’’

त्यांनी आवाजाला उत्तर दिलं नव्हतं. अक्षरांना दिलं होतं.

त्यांना ऐकू येत नाही.

लोर्ना आत्याला फोन लावला. ती म्हणाली, ‘‘तुला माहीत नव्हतं? अगं, तीस वर्षं नदीच्या बंधाऱ्यावर मालवाहू बार्जेसचे भोंगे कानाशी. कान राहतील काय! कानाचं यंत्र घेऊन दिलं मी, ते मोज्यांच्या खणात पडलंय. लाजतो.’’

कधीपासून, विचारलं. आई होती तेव्हापासून. आई फोनवर ऐकायची आणि त्यांना तोंड समोर करून सांगायची. आम्ही सगळे त्याला तिची बडबड म्हणायचो.

‘‘मला कोणी सांगितलं का नाही?’’

‘‘तू विचारलंस का? एकाच मातीचे दोघं. दोन दगड शेजारी ठेवले तर निदान ठिणगी तरी पडते, मार्नी. तुमचं तेही नाही.’’ मग तिने विचारलं, शनिवारचा तो इतिहास अजून मीच लिहिते ना? हो म्हटलं. ‘‘बरं,’’ म्हणाली, आणि टोमॅटोच्या रोपांवर बोलत बसली.

बुधवार, १९ जून

गुडघा — कार्ड. जुलै — पाऊस. अंदाजाने उत्तरं देत होते. आणि चुकायच्या आत फोन ठेवत होते.

सोमवार, १ जुलै

त्यांना पत्र लिहायला बसले. दुसऱ्यांचं बोलणं मिनिटाला दोनशेहून जास्त शब्दांच्या वेगाने लिहिते. आज दोन ओळी झाल्या. फाडल्या.

गुरुवार, ४ जुलै

सकाळपासून इतिहास. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, मग पश्चिमेकडे गेलेल्या बैलगाड्या. आज सगळा देश अंगणात मक्याची कणसं भाजतोय. मी खिडकी लावून बसले होते.

दुपारी पुन्हा — ‘‘लाइनवर व्हर्जिल, पोमरॉय, ओहायो.’’

शांतता. ‘‘व्हर्जिल?’’ आता डेसमंड लाइन कापणार. डेसमंड म्हणजे निर्माता. दोन वर्षं त्याचा आवाज माझ्या कानात आहे, मी त्याच्याशी एकदाही बोललेले नाही. उत्तर द्यायचं बटण टाइप करायच्या यंत्राशेजारी आहे. दाबलं.

‘‘कापू नका. त्यांना ऐकू येत नाही, ते वाचून बोलताहेत. ऑल्ड्रिचना थांबायला सांगा.’’

‘‘अरे वा, तुला आवाज आहे,’’ डेसमंड म्हणाला. पण त्याने सांगितलं.

ऑल्ड्रिच थांबले. टीव्हीवर चार सेकंद म्हणजे फार मोठी शांतता. मग बाबा बोलले, फार मोठ्याने, ‘‘मला विचारायचं होतं. ही पोरं गाड्या घेऊन निघून गेली. मागे जे राहिले त्यांना काही कळायचं का? ती जेवली का, बरी आहेत का?’’

अभ्यासक बाई म्हणाल्या की पत्राला कित्येक महिने लागत, अनेकांना वर्षानुवर्षं काही कळत नसे. त्यांचं प्रत्येक वाक्य मी जितकं लवकर पाठवता येईल तितकं पाठवलं. एकही चूक नाही. इतकं चांगलं काम मी कधी केलेलं नाही.

बाबा वाचत होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आमचं त्या मानाने बरंय.’’

ऑल्ड्रिचना ते काही कळलं नाही. मलाही नाही. टाइप केलं.

काम संपल्यावर डेसमंडकडे शनिवारची रजा मागितली. पहिलीच. म्हणाला, आजच्या नियमभंगाचं पाहू, पण रजा घे.

शनिवार, ६ जुलै, पोमरॉय

न सांगता आले. सांगणार कसं? दार उघडंच होतं. बाबा टीव्हीसमोरच्या खुर्चीत, आणि टीव्ही बंद. मला पाहून उठले, गुडघ्याला हात लावत. मी लिफाफ्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं — आज इतिहास नाही बघत?

चष्मा लावून वाचलं. म्हणाले, ‘‘मला कसली आलीय त्याची गोडी! दर शनिवारी पहिल्या दोन ओळींत स्वल्पविरामांवरून कळतं, तू आहेस की नाही. आज दुसरं कोणीतरी होतं.’’