सात सेकंदांचं बटण

तीर्थरूप गुड्रनआत्यास एल्डनचा वाकून नमस्कार.

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी एक बटण दाबलं आणि माझी सगळी कारकीर्द फिरली. (तुझा गुडघा कसा आहे? चर्चच्या तळघरात उभं राहून लेफ्सेच्या बटाटापोळ्या लाटू नकोस, बसून लाट.)

कॉलेज अर्ध्यावर टाकून मी गावच्या रेडिओवरचा रोजचा एक तास विकत घेतला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "डेमोक्रॅट शिव्या देतील, रिपब्लिकनही देतील. मग तुला जेवायला कोण बोलावणार?" मी म्हटलं, मी कुणाचाच नाही, आणि कार्यक्रमात फोन करणाऱ्याचं बोलणं कधीच तोडणार नाही. ही शपथ मी रोज सुरुवातीला घेतो आणि लगेच हॅल्वर ब्रेक्के यांच्या पशुखाद्याची जाहिरात वाचतो. (जाहिरातदार एकच, पण गायींना पक्ष नसतो.)

सोमवारी नदीवरचा पूल बंद केल्याबद्दल मी काउंटीचा कारभार पाहणाऱ्या पाच कमिशनरांपैकी चौघांना सोलून काढलं. बीटचे ट्रक वीस मैलांचा वळसा घालतात, मी तापणारच! मंगळवारी फोन आला, "मी मारिट ब्रेक्के." आत्या, जिच्यासाठी मी सूर नसताना चर्चच्या गायनात घुसलो, ती! म्हणाली, "एल्डन, पाचवा कोण रे? तो ठराव माझ्या बाबांनीच मांडला. त्यांचं नाव घेताना जीभ का अडली? माझ्यामुळे असेल, तर असली मेहेरबानी नको मला."

आमचा कार्यक्रम सात सेकंद उशिरा ऐकू जातो. कुणी शिवी दिली तर गाळता यावी म्हणून. ती बोलत असतानाच माझं बोट त्या बटणावर गेलं आणि तिचं बोलणं गाळलं गेलं. गावाला काहीच कळलं नाही. तिने मात्र घरच्या रेडिओला कान लावून स्वतःच्याच आवाजाची वाट पाहिली असेल. दोन्ही पक्षांना मी दारात उभं केलं नाही, आणि तिसरा पक्ष, मारिटचा, माझ्याच बरगड्यांत बिनभाड्याने राहत होता.

असो. मारिटबद्दल आता मला काहीही वाटत नाही. सुटलो.

तुझा,
एल्डन

ता. क. शेवटचा परिच्छेद खोटा आहे.

आणखी ता. क. तिच्या फोनचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. शुक्रवारी अकराला ते जसंच्या तसं लावणार आणि पाचवं नाव घेणार. तिला एवढंच सांग, त्या वेळी रेडिओ चालू ठेव. माझी रदबदली करू नकोस. ब्रेक्केसाहेबांना पाठीमागून झोडणं बरं नाही, म्हणून तोंडावर सांगायला त्यांच्या दुकानात निघालोय. जाहिरात जाईल, तास जाईल, कदाचित एखादा दातही. टोपी घातली. निघालो, दार लावतोय.